साखळी, केबल आणि खाली दरी: एक्सपोज्ड ट्रेलवरचे तुमचे अनुभव

"एंजल्स लँडिंगचं परमिट लॉटरीत लागलंय, जाऊ का?" अमेरिकेतल्या झायन नॅशनल पार्कमधल्या या अरुंद कड्यावरच्या वाटेबद्दल हा प्रश्न दर उन्हाळ्याच्या तोंडावर मला कोणी ना कोणी विचारतंच. एकटीने उत्तरं देण्यापेक्षा ज्यांनी तिथल्या नॅशनल पार्कमधल्या अशा एक्सपोज्ड, म्हणजे बाजूला उघडी दरी असलेल्या, वाटा केल्यात त्यांनी इथे लिहावं. प्रत्येक * नंतर नवा माणूस बोलतोय. फोटो कुठून छान येतो ते नको, ते ढिगाने मिळतं. कडेवर नेमकं काय केलंत, कुठे थांबलात, कुठून मागे फिरलात, तेवढं सांगा.

माझ्यापासून सुरुवात. झायनमध्ये स्काउट लुकआउट या साखळीआधीच्या थांब्यापर्यंतची वाट रुंद आणि बरीचशी बांधलेली आहे. वॉल्टर्स विगल्सची 21 वळणं दम काढतात, पण भीती वाटत नाही. खरी गंमत पुढच्या अर्ध्या मैलात, जिथे साखळी सुरू होते. 1 एप्रिल 2022 पासून त्या टप्प्याला लॉटरीतून परमिट लागतं. तरी चढणारे आणि उतरणारे एकाच साखळीला धरून असतात, हे काही बदललेलं नाही. समोरासमोर आले की कोणीतरी साखळी सोडतं, आणि सोडणारा बहुधा दरीच्या बाजूने वळसा घालतो. मी ते करतच नाही. रुंद जागा दिसली की डोंगराच्या अंगाला उभी राहते, "तुमच्यात किती जण?" म्हणून ओरडून विचारते आणि शेवटचा माणूस गेल्यावरच निघते. वेळ जातो. जाऊ दे. दुसरं म्हणजे तिथला दगड पावलांनी झिजलाय आणि त्यावर बारीक वाळू असते, त्यामुळे कोरड्यातही पाय सरकतो. पाऊल पूर्ण टेकवायचं, नुसत्या चवड्यावर भार द्यायचा नाही.

*

आमच्या ह्यांना उंचीचा त्रास आहे. स्काउट लुकआउटला पहिली साखळी पाहिली आणि म्हणाले, "तू जा, मी इथेच बसतो." तिथपर्यंत यायला परमिट लागत नाही, त्यामुळे ते निवांत बसले. माझा मुद्दा वेगळा आहे. आमच्या पुढे एक जण मित्रांच्या आग्रहाखातर गेला आणि मधल्या खिंडीत, दोन्हीकडे दरी असलेल्या जागी, बसूनच राहिला. पुढेही जाईना, मागेही येईना. मागे ही रांग! "अरे चल, काही होत नाही" हे वाक्य अशा ठिकाणी कोणी कोणाला म्हणू नये. शेवटी एका बाईंनी त्याला तोंड दगडाकडे करायला लावलं, पुढचं पाऊल कुठे ठेवायचं तेवढंच सांगत सांगत त्याला मागे आणलं. दरीकडे बघू नको असं एकदाही म्हणाल्या नाहीत, म्हटलं की हटकून बघितलं जातं.

*

योसेमिटी नॅशनल पार्कमधला हाफ डोम, ग्रॅनाइटचा उघडा घुमट. शेवटचे 400 फूट दोन पोलादी केबलच्या मधून, पाय टेकायला अधूनमधून लाकडी फळ्या. केबल लावलेल्या असतात त्या काळात परमिट लागतं आणि सबडोमच्या, म्हणजे मुख्य घुमटाआधीच्या लहान उंचवट्याच्या, पायथ्याशी रेंजर ते तपासतात. ग्रॅनाइट मुळातच पाट्यासारखा गुळगुळीत. ओला झाला की बुटाचं काही चालत नाही. आम्ही सबडोमला पोचलो तेव्हा पूर्वेकडे ढग फुगत होते, गडगडाट अजून नव्हता. तिथूनच उलटे फिरलो. वीज चमकत असताना हातात लोखंड धरून उघड्या घुमटावर उभं राहायची माझी तयारी नाही, परमिट पुन्हा मिळो न मिळो. आधी गेलो होतो तेव्हाचं एक: बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात बाटली ठेवू नका. वरच्या एकाची स्टीलची बाटली निसटली आणि आमच्या रांगेशेजारून टणटणत खाली गेली. सगळं आत, चेन बंद, काठ्याही आत. रबरी पकडीचे हातमोजे घ्या. उतरताना तोंड दगडाकडे, शिडी उतरतो तसं.

*

लाँग्स पीक, रॉकी माउंटन नॅशनल पार्क, 14,259 फूट. इथे साखळी नाही, केबल नाही, फक्त दगडावर रंगवलेल्या लाल-पिवळ्या खुणा. लोक मध्यरात्रीनंतर निघतात कारण दुपारच्या वादळाआधी माथ्यावरून खाली यायचं असतं. कीहोलपर्यंत, म्हणजे कड्यातल्या कुलपाच्या भोकासारख्या खिंडीपर्यंत, लांबलचक पण सोपं. कीहोलमधून डोकं पलीकडे काढलं की वारा थोबाडीत मारतो. अलीकडे कळतही नाही, इतका फरक. आमच्यातल्या दोघांना तिथे नीट उभंच राहता येईना, सगळेच परतलो. वाटेत भेटलेले काही पुढे गेले आणि सुखरूप आलेही. तरी आम्ही फिरलो ते बरोबरच होतं असं माझं मत, वाद घाला खुशाल.

*

वाद नाही, पुस्ती जोडतो. अकेडिया नॅशनल पार्कमधला प्रेसिपिस ट्रेल उंचीने किरकोळ, पण लोखंडी कड्या-शिड्यांचा. चढायला ठीक, उतरायला तीच वाट घेऊ नका, माथ्यावरून दुसऱ्या सोप्या वाटेने खाली या. वसंतापासून साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहिरी ससाण्यांच्या घरट्यांमुळे तो बंद असतो, तेव्हा आधी बघून जा.

*

लहान मुलांचं कोणीच लिहिलं नाही. पोराच्या कमरेला दोरी बांधून तिचं टोक स्वतःच्या पट्ट्याला अडकवलेला बाप मी पाहिलाय. दोरी कुठेही दगडात अडकवलेली नसेल तर मूल घसरल्यावर बापही जाणार. मुलं लहान आहेत तोवर आम्ही स्काउट लुकआउटवरूनच परततो. पोरांना खारी बघण्यातच जास्त रस असतो.

*

एंजल्स लँडिंगला हिवाळ्यात जायचं का, असं एकाने विचारलंय. विगल्स सावलीत असतात, तिथे बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा होतो. बुटाखाली लावायचे काटे हवेतच. मात्र वरच्या उघड्या दगडावर बर्फ नसेल तिथे ते काढा, कोऱ्या दगडावर काटे उलटे घसरतात. काढ-घाल करायला साखळीच्या मध्ये थांबू नका. आणि शटल चालू असेल त्या मोसमात शेवटची बस किती वाजता ते सकाळीच बघून ठेवा, नाहीतर उतरताना घाई होते.