दाताच्या खुर्चीची भीती

लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "लहानपणीचं ते, आता त्याचा काय संबंध?" संबंध असतो, पण दिसतो भलत्याच जागी. माझी एक मैत्रीण (तिला विचारूनच लिहितेय) दाढ सुजली तरी डेंटिस्टकडे जायची नाही. खुर्ची मागे झुकली, कुणी चेहऱ्यावर वाकलं की तिला दरदरून घाम फुटायचा आणि मग एकदम बधिर व्हायची. घरचे म्हणायचे, इंजेक्शनला घाबरते. लहानपणच्या अत्याचाराशी धागा जुळला तो चाळिशीत, तिची मुलगी आठ वर्षांची झाल्यावर. आपलं मूल त्या वयाला आलं की जुनं उसळून वर येणं, हे बऱ्याच जणींचं होतं.

जणांचंही. केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. मोठेपणी त्यांतले काही नुसते रागीट, दारुडे ठरतात. विचारत कुणी नाही.

अर्थात झोप उडणं, स्पर्श नकोसा होणं यातल्या एखाद्यावरून घरबसल्या निदान करू नका, प्लीज. आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) कॉम्प्लेक्स पीटीएसडी, म्हणजे बहुतेकदा दीर्घकाळ किंवा वारंवार झालेल्या आघातानंतर मनावर राहणारा परिणाम, हे वेगळं निदान आहे. समुपदेशकाला त्यावर काम करण्याचा अनुभव आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारायला लाजू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.