ऑपरेशन सी लायन झालंच असतं तर जर्मन इंग्लंडात टिकले असते का?

नकाशेवेडा:
फ्रान्समधल्या डंकर्क बंदरावरून ३ लाख ३८ हजार सैनिक सुटले खरे, पण तोफा, रणगाडे, गाड्या सगळं तिकडेच टाकून यावं लागलं. म्हणजे १९४० च्या जूनमध्ये ब्रिटिश लष्कराकडे लढायला सामानच नव्हतं म्हणा ना. १६ जुलैला हिटलरचा समुद्रातून इंग्लंडवर स्वारीचा, म्हणजे ऑपरेशन सी लायनचा आदेश निघाला, डोव्हरपाशी इंग्लंड-फ्रान्समधला इंग्लिश चॅनल जेमतेम ३३-३४ किमी रुंद, आणि आपण लहानपणापासून वाचत आलोय की आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या मूठभर पायलट्सनी इंग्लंड वाचवलं. मग समजा आरएएफ हरली असती तर? खरंच सगळं तेवढ्यावरच अडलं होतं का? मला हे बरेच दिवस छळतंय, नीट सांगा कोणीतरी.

दोरखंड:
विमानं जरा बाजूला ठेवा आणि जर्मन येणार कशातून होते ते बघा. सैन्य किनाऱ्यावर उतरवायची खास जहाजं जर्मनीकडे नव्हतीच. ऱ्हाइनवर आणि हॉलंड-बेल्जियमच्या कालव्यांत कोळसा, धान्य वाहणारे सपाट तळाचे बार्ज गोळा केले, साधारण २४००, आणि त्यातल्या ८०० च्या आसपास बार्जनाच स्वतःचं इंजिन होतं, बाकीचे ओढून न्यायचे. पुढचं तोंड कापून तिथे उतरायला रॅम्प बसवला, रणगाड्याचं वजन पेलावं म्हणून तळात काँक्रीट ओतलं.

मी तीन वर्षं टगवर, म्हणजे दुसरी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर काम केलंय म्हणून सांगतो. ओढलेला बार्ज ऐकत नाही. लाट आली की दोर ढिला पडून पाण्यात जातो आणि दुसऱ्या क्षणाला असा ताणला जातो की टगला मागून हिसका बसतो, पाणी उडून दोर थरथरतो, आणि त्या वेळी डेकवर दोराच्या रेषेत कोणी उभं राहत नाही कारण तुटला तर माणूस जातो. वळायचं म्हटलं तर टग वळून जातो आणि बार्ज बराच वेळ जुन्याच दिशेने येत राहतो. आता असे एका टगमागे दोन, काळोखात, आजूबाजूला तशाच शेकडो जोड्या, वेग २-३ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला साधारण १.८५ किमी), आणि चॅनलमधला भरतीओहोटीचा प्रवाह काही ठिकाणी ५ नॉटपर्यंत. म्हणजे पुढे जाण्यापेक्षा बाजूला वाहणं जास्त. शिवाय त्यात हजारो घोडेही न्यायचे होते, जर्मन सैन्याची ओढाताण तेव्हा बरीचशी घोड्यांवरच चालायची. मला तर त्या बार्जमध्ये बसवलेल्या पोरांचाच विचार येतो.

उलटतपासणी:
बार्जचं पटलं, पण रॉयल नेव्ही, म्हणजे ब्रिटिश नौदल अजिंक्य होतं असं धरून चालू नका. मे १९४१ मध्ये क्रीट या ग्रीक बेटाजवळ डोक्यावर आपली विमानं नसताना त्यांची काय अवस्था झाली? लुफ्तवाफने, म्हणजे जर्मन हवाई दलाने ३ क्रूझर आणि ६ विनाशिका बुडवल्या. आरएएफ संपली असती तर चॅनलमध्ये हेच झालं असतं, आणि तिथे तर जर्मन विमानतळ हाकेच्या अंतरावर.

भरतीओहोटी:
क्रीटचंच उदाहरण पूर्ण बघा की. २१ मेच्या रात्री जर्मन सैनिक छोट्या ग्रीक होड्यांतून निघाले होते, तो काफिला ब्रिटिश जहाजांनी गाठून उधळून लावला, आकाश लुफ्तवाफच्या ताब्यात असूनही. कारण रात्री समुद्रात हलत्या जहाजांपुढे बाँबर आंधळा. क्रीट घेतलं ते हवेतून. आणि बार्जना चॅनल ओलांडायचं होतं ते रात्रीच. त्यांना राखायला जर्मन नौदल होतं कुठे? नॉर्वेत एकट्या नार्विकला एप्रिल १९४० मध्ये १० विनाशिका गेल्या, ब्ल्यूखर ही क्रूझर ऑस्लोच्या तोंडाशी बुडाली, शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाऊ या मोठ्या युद्धनौका दोन्ही दुरुस्तीला.

पण माझ्या मते खरा प्रश्न दुसऱ्या दिवसापासूनचा आहे. पहिली लाट किनाऱ्याला लागली असती, हो, काही हजार माणसं नक्की उतरली असती. मग दारूगोळा, पेट्रोल, चारा रोज कोण आणणार? तेच बार्ज, तेच टग, दिवसरात्र नेव्हीच्या तोफांसमोरून. १९७४ मध्ये सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत याचा वॉरगेम (लढाईचा नकली खेळ) खेळले, तिथेही असंच झालं, जर्मन उतरले, पुढे समुद्रावरची रसद तुटली आणि आत घुसलेलं सैन्य अडकलं. १९४४ ला नॉर्मंडीत दोस्तांकडे समुद्र आणि आकाश दोन्ही होतं, तरी कृत्रिम बंदरं ओढत न्यावी लागली.

नकाशेवेडा:
हे रसदेचं मी कधी असं बघितलंच नव्हतं, आभार. पण मग एवढे बार्ज जमवले कशाला, नुसती हूल होती का?

दोरखंड:
नुसती हूल म्हणवत नाही. नद्यांवरचे बार्ज काढून घेतल्यावर जर्मनीतलीच मालवाहतूक अडली, धाक दाखवायला कोणी एवढी किंमत मोजत नाही. लष्कराला इंग्लंडच्या किनाऱ्यावर रॅम्सगेटपासून लाइम रेजिसपर्यंत रुंद आघाडी हवी होती, नौदल म्हणत होतं एवढा पट्टा आम्ही राखू शकत नाही, डोव्हरच्या आसपास अरुंद ठेवा. तो वाद पुरता मिटलाच नाही, ओढूनताणून मधला मार्ग काढला. तोवर आरएएफचे बाँबर रात्री अँटवर्प, ऑस्टेंड, कॅले, बुलोन्य या बंदरांवर जाऊन बार्ज फोडत होते, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत २०० च्या वर बार्ज गेले किंवा मोडले. त्या बाँबर क्रूंचं नाव फार कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. १७ सप्टेंबरला हिटलरने बेत बेमुदत पुढे ढकलला.