मदत हवी: दगडगोट्यांच्या थराची उष्णतावाहकता – हिशेब 0.21, प्रयोगात 0.5!

मंडळी, मी नंदुरबारकडचा, घरची मिरची. पथारीवर टाकली की अवकाळीची धास्ती, म्हणून सौर वाळवणी यंत्र करतोय. दिवसा गरम हवा गोट्यांच्या थरातून फिरवायची, ती ऊब रात्री वापरायची. पंखा बंद असताना थर किती वेळात निवेल, ते आधी कागदावर काढायचंय. (वडील म्हणतात, "दगडस्ना काय हिसाब करी ऱ्हायना तू?")

गोटे प्रकाशाजवळ तापीतून आणलेले, काळे बसाल्टचे, साधारण 30 मिमी. 20 लिटरची बादली गोट्यांनी काठोकाठ भरली, तरी वरून 8 लिटर पाणी मावलं. म्हणजे पोकळी 0.4. दगडाची वाहकता 2 धरली, हवेची 0.026 (वाहकतेचे सगळे आकडे वॅट प्रति मीटर केल्विन).

दगड आणि हवा समांतर धरले तर 1.2, एकामागे एक धरले तर 0.06. एवढ्या अंतरात काहीही बसेल! मॅक्सवेलचं 1873 चं सूत्र 0.13 देतं, पण ते सुटे सुटे विखुरलेल्या कणांसाठी. इथे गोट्याला गोटा टेकलाय. झेनर-श्लुंडरचं (1970) 0.21 येतं. ते मला पटतं, कारण टेकल्या जागेभोवतीच्या निमुळत्या फटीतल्या हवेतून बरीच उष्णता जाते, हे त्यात धरलंय.

मग पत्र्याच्या पिंपात गोटे भरले, बाहेरून ग्लासवूल, तळाला इलेक्ट्रिक शेगडी. मधलं तापमान 65 अंश सेल्सियसच्या आसपास स्थिरावलं. उत्तर 0.5! तीनदा केलं. चुकतंय कुठे?

तापीकाठ:
शेगडी तळाला म्हणजे पोकळीतली हवा तापून वर चढणार. तुम्ही वहनासोबत अभिसरणही मोजलंत. शेगडी वर ठेवा, तळ गार ठेवा.
दुसरं, प्रारण, म्हणजे गोट्याकडून गोट्याकडे किरणांनी जाणारी उष्णता. गोटे लालभडक नाहीत म्हणून आपण ते सोडून देतो. पण 4 गुणिले स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक, गुणिले तापमानाचा घन, गुणिले व्यास करून बघा: 340 केल्विन आणि 30 मिमीला 0.27 येतं! पृष्ठभागाप्रमाणे त्याला एक गुणक लागतो, तरी तुमच्या 0.21 च्या तोडीचंच. 5 मिमीची खडी घेतलीत तर तेच 0.045 होईल.

मिरचीवाला:
भो, मानलं. शेगडी वर ठेवून केलं, 0.38 आलं. खडी उद्या भरतो.
पण एक राहिलंच. माझ्या यंत्रात रात्री थर वरूनच निवणार, खाली गरम आणि वर गार. म्हणजे अभिसरण परत आलंच ना? मग हिशेबात 0.38 घालू की 0.5?