विषय: नाताळच्या भेटीसाठी संत्र्याचा मुरंबा, वरूडहून

प्रेषक: वहिनी, रेडिंग (इंग्लंड)

ताई, नमस्कार.

तुम्ही डिसेंबरच्या मध्यापर्यंत वरूडकडेच आहात असं कळलं. इथे नाताळला शेजाऱ्यांना घरच्या जॅमची, चटणीची बाटली द्यायची पद्धत आहे, आणि दर वर्षी दुकानातून चॉकलेटचा डबा उचलायचा मला कंटाळा आलाय. तुमच्या बागेतल्या संत्र्यांचं मार्मलेड, म्हणजे सालीसकट मुरंबा, होईल का? इथल्या कृती सगळ्या सेव्हिल संत्र्यांच्या, आणि ती बाजारात येतात जानेवारीत! येताना संत्रा बर्फीही आणाल ना?

प्रेषक: ताई, मुक्काम वरूड तालुका

वहिनी,

बर्फीचं आधी सांगते, नाही. त्यात खवा असतो आणि भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला मनाई आहे.  साखरेत शिजवलेलं फळ चालतं, तेही चेक-इन बॅगेत, कारण विमानतळावर जॅम द्रव पदार्थांतच धरतात.

वेळ मात्र उत्तम जुळते. अंबिया बहाराचं, म्हणजे संत्र्याच्या हिवाळी बहराचं, फूल जानेवारी-फेब्रुवारीतलं, फळ नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतं. (मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चचं, ते आपल्या कामाचं नाही.) सध्या व्यापारी मोठी फळं कॅरेटमध्ये भरून नेतायत आणि चुरी, म्हणजे लहान फळं, मागे राहतेय. मुरंब्याला चुरीच घ्यावी, चवीत ती कुठे कमी नसते.

पण सेव्हिलची कृती जशीच्या तशी लावू नका. ते फळ मुळात आंबट-कडू, सालीखालचा पांढरा थर जाड, बिया भरपूर. त्यातल्या पेक्टिनवर मार्मलेड घट्ट होतं. आपलं संत्रं गोड, साल सैल, आंबटपणा बेताचा. शिवाय बिया आणि फोडींचा पापुद्रा रसात राहिला की रस काही वेळाने कडवट होतो. इंग्रजी कृतीत बिया फडक्यात बांधून उकळायला सांगतात. इथे तसं केलं तर आमच्या सासूबाई चमचा तोंडात घालून विचारतील, "काऊन वो, कडुनिंब टाकला काय यात?"

मग घट्टपणा आणायचा तो पेरूतून. या दिवसांत पेरू हवा तेवढा मिळतो आणि त्यात पेक्टिन भरपूर. करकरीत, अर्धवट पिकलेले पेरू चिरून बुडेल एवढ्या पाण्यात मऊ शिजवायचे आणि ते पाणी फडक्यातून निथळू द्यायचं. पिळायचं नाही, गढूळ होतं. किलोभर सोललेल्या, बिया काढलेल्या फोडींना हे पाणी दोन वाट्या, चार लिंबांचा रस आणि फोडींच्या वजनाइतकी साखर. साल चार-पाच संत्र्यांचीच पुरे. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडायचा, सालीचे बारीक काप करायचे, दोनदा उकळून पाणी फेकायचं. फोडी आणि साल आधी पूर्ण मऊ होऊ द्या, साखर त्यानंतरच. साखर पडली की साल पुढे मऊ होत नाही.

मग पसरट पातेल्यात, मोठ्या आचेवर, १०४-१०५ अंश सेल्सियसपर्यंत. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधल्या गार ताटलीवर थेंब टाका. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद. इथे बायका पाक तपकिरी होईपर्यंत आटवतात, मला ते पटत नाही. टिकतं खूप, पण संत्र्याचा वास उडून जातो, मग संत्री घेतली कशाला? बाटल्या दहा मिनिटं उकळलेल्या हव्यात, आणि गरम मुरंबा गरम बाटलीत.

आवळाही याच दिवसांतला, म्हणून मोरावळाही करतेय, आलं-लवंग घालून. तो शेजाऱ्यांना टोस्टला लावायला देऊ नका, नाताळात ते चीजचं ताट मांडतात त्याबरोबर द्या. परतवाड्याला माझी ख्रिस्ती मैत्रीण आहे. तिच्याकडे नाताळला करंज्या-चकल्यांचा फराळ असतो. पहिली बाटली तिची, त्यात वाटा मागू नका!

प्रेषक: काका, लेस्टर

ताई, आमच्या शेजारच्या आजोबांना मधुमेह आहे. निम्म्या साखरेत होईल का?

प्रेषक: ताई

काका, होईल, पण मी पाठवणार नाही. मुरंब्यात साखर नुसती गोडीला नसते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून बुरशी येत नाही. तयार मुरंब्यात साखर ६५ टक्क्यांच्या आसपास असली तरच तो बाहेर टिकतो. निम्म्या साखरेचा पहिल्या दिवसापासून फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावा लागतो. आणि एवढं करूनही आजोबांसाठी तो गोडच. फळाची स्वतःची साखर जाते कुठे?

त्यांना जवसाची चटणी देते. भाजलेले जवस, सुकी मिरची, जिरं, मीठ, थोडे तीळ. कोरडी असते, प्रवासात काही होत नाही. फक्त बाटलीवर तीळ आहेत असं ठळक लिहा, काहींना तिळाची ॲलर्जी असते.

ज्यांना बाटल्या हव्यात त्यांनी रविवारपर्यंत कळवा. प्रत्येकी दोनच, त्याही छोट्या. काच जड असते, आणि मला सांडगेही आणायचेत.