मागच्या भिंतीवरचा बॉल

ए-१०३: नमस्कार. रात्रीचे साडेनऊ वाजत आले. पंपरूमच्या मागच्या भिंतीवर तासभर बॉल आपटतोय. घरात आजारी माणूस आहे. ज्यांचा मुलगा असेल त्यांनी कृपया त्याला वर बोलवावं.

बी-२०४: काका, माझाच मुलगा. मनापासून माफी मागते. आज त्याच्या फुटबॉल निवडीची यादी लागली. तिसऱ्या वेळीही नाव नाही. आल्यापासून जेवला नाही की बोलला नाही, बॉल घेऊन खाली गेला. आत्ता घेऊन येते.

ए-१०३: असं होय. ताई, मग दहापर्यंत राहू दे त्याला. आम्ही खिडकी लावून घेतो.

बी-२०४: नको काका, आवाज होतोच. खरं सांगायचं तर मलाच खाली जायचा धीर होत नाहीये. तिथल्या एकाने तोंडावर सांगितलं, पंधरा पूर्ण झाली, आता उशीर झाला. आणि शेजारच्या इमारतीतल्या त्याच्या मित्राचं नाव लागलं, तो दोन वर्षांनी लहान आहे. ते जास्त लागलंय मनाला.

सी-५०१: पंधराव्या वर्षी उशीर? ताई, मी जरा लांब लिहितोय, सगळ्यांनी चालवून घ्या. नव्वदच्या दशकात कंपनीच्या कामासाठी सहा वर्षं लंडनला होतो. भाड्याची खोली लुईशम भागात, दक्षिण-पूर्व लंडनमध्ये. जवळच ब्रॉकली. इयान राइट तिथल्याच वस्तीतला. लंडनच्या आर्सेनल क्लबचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा खेळाडू, आमच्या ऑफिसमधले निम्मे लोक त्याच्यावर जीव टाकायचे. जन्म १९६३ चा, आई-वडील जमैकाचे. हा माणूस प्रोफेशनल फुटबॉलर कधी झाला? १९८५ च्या ऑगस्टमध्ये, बाविसावं वर्ष पुरं व्हायला तीन महिने कमी असताना.

बी-४०३: काका, तोवर तो काय करत होता ते पण सांगा. तेच महत्त्वाचं आहे.

सी-५०१: सांगतो ना. मिळेल ती अंगमेहनतीची कामं आणि रविवारी हौशी लीगमध्ये खेळणं. एकोणीस वर्षांचा असताना ब्रायटन क्लबने पाच-सहा आठवडे सरावाला ठेवून घेतलं आणि शेवटी घरी पाठवलं. त्याने मनातून फुटबॉल सोडून दिला होता. आणि ताई, तुमच्या मुलाच्या मित्रासारखंच. त्याच वस्तीत डेव्हिड रोकॅसल नावाचा मुलगा होता, साडेतीन वर्षांनी लहान. त्याला आर्सेनलने शाळेच्या वयातच उचललं. धाकटा मित्र देशातल्या मोठ्या क्लबात आणि थोरला मजुरीवर. दोघांची मैत्री मात्र तुटली नाही. तू सोडू नकोस, तू माझ्याइतकाच चांगला आहेस, असं रोकॅसल त्याला सांगत राहिला, हे राइटने पुढे पुष्कळदा सांगितलंय.

ए-४०४: काका, मी त्याचा व्हिडिओ पाहिलाय! जुने शिक्षक अचानक समोर येतात तो. दर वेळी रडू येतं मला.

सी-५०१: हो गं, तिकडेच येतोय. पण मधला एक कडू भाग आहे. गाडीचा टॅक्स आणि विमा नसल्याचे दंड त्याने भरले नाहीत, म्हणून चेम्सफर्डच्या तुरुंगात दोन आठवडे काढावे लागले. कोठडीत तो रडला आणि ठरवलं, की यापुढे फुटबॉलसाठी काय वाटेल ते करायचं. तेव्हा घरी लहान मुलंही होती.

बी-२०४: काका, हे मुलाला सांगू का? तुरुंगाचं वगैरे? भीती वाटते.

सी-५०१: सांगा. त्याने स्वतः कधी लपवलं नाही.

ए-३०२: मी ३१ वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं. एरवी इथे फार लिहीत नाही. शिक्षकाबद्दल काय आहे ते नीट सांगा.

सी-५०१: बाई, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो.

राइटच्या घरी सावत्र वडील. मारहाण करणारे. शनिवारी रात्री टीव्हीवर 'मॅच ऑफ द डे' हा फुटबॉलचा कार्यक्रम लागायचा, सगळ्या इंग्लंडची मुलं तो बघायची. तो लागला की सावत्र वडील या मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. बॉलचा आणि गर्दीचा आवाज ऐकू यायचा, बघायचं मात्र नाही. रात्री आईला मारहाण होत असताना थोरला भाऊ मॉरिस ह्याचे कान हातांनी झाकून धरायचा. हे सगळं राइटने २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर सांगितलं, सत्तावन्नाव्या वर्षी. पुढे घरातल्या हिंसाचारावरच्या माहितीपटासाठी तो त्या जुन्या घरातही जाऊन आला.

अशा घरातला मुलगा शाळेत कसा वागणार? चिडका, भांडखोर. वर्गाबाहेर उभा. टर्नहॅम प्राथमिक शाळेत सिडनी पिग्डेन नावाचे शिक्षक होते, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवलेले. त्यांनी ह्याला बाहेर उभा पाहिला आणि हाताशी धरलं. लिहायला-वाचायला बसवलं. हजेरीचे रजिस्टर गोळा करण्याचं काम दिलं. राइट म्हणतो, आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

ए-३०२: रजिस्टरचं काम. बरोबर केलं त्यांनी. सगळ्यात दंगेखोर मुलालाच खडू आणायला धाडायचं, आम्हीही हेच करायचो. कुणी शिकवलं नव्हतं आम्हाला.

सी-५०१: आणि फुटबॉलही त्यांनीच शिकवला, बाई. हा मुलगा बॉल दिसला की जीव खाऊन ठोकायचा. पिग्डेन सरांनी त्याला जिमी ग्रीव्ह्जचं उदाहरण दिलं. तो त्या काळचा फार मोठा गोल करणारा. सांगितलं, बघ, तो ठोकत नाही, शांतपणे जाळ्याकडे पास देतो. गोल म्हणजे जाळ्याला दिलेला पास.

बी-४०३: हे मी माझ्या मुलांना दर रविवारी सांगतो! कुणी सांगितलं ते आज कळलं.

सी-५०१: ऑगस्ट १९९३ मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या मॅचला मी हायबरीवर, म्हणजे आर्सेनलच्या तेव्हाच्या मैदानावर होतो. राइटने एका बचावपटूच्या डोक्यावरून बॉल उडवला, लगेच उलट्या दिशेने पुन्हा त्याच्याच डोक्यावरून काढला, आणि नेव्हिल साउदॉलसारख्या गोलकीपरवरून अलगद आत सोडला. जोर कुठेच लावला नाही. भोवतीचे लोक आधी गप्प झाले आणि मग ओरडले. पिग्डेन सरांचं ऐकलं तेव्हा मला पहिला तोच गोल आठवला.

ए-१०३: मी क्रिकेटवाला माणूस, पण वाचतोय. त्याला शेवटी घेतलं कुणी?

सी-५०१: क्रिस्टल पॅलेसने. त्यांच्या माणसाने ह्याला छोट्या क्लबात खेळताना पाहिलं, चाचणीला बोलावलं, आणि स्टीव्ह कॉपेल या मॅनेजरने करार दिला. पॅलेस तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. मार्क ब्राइटबरोबर जोडी जमली आणि १९८९ मध्ये क्लब वरच्या श्रेणीत गेला. पुढच्या वर्षी एफए कप या इंग्लंडमधल्या मोठ्या स्पर्धेची फायनल, लंडनच्या वेम्बली मैदानावर, समोर मँचेस्टर युनायटेड. त्या एका हंगामात राइटचा पाय दोनदा मोडला होता, म्हणून तो बाकावर होता. पॅलेस १-२ मागे असताना उतरला आणि काही मिनिटांत बरोबरी. जादा वेळात दुसरा गोल, ३-२! शेवटी ३-३ झालं आणि पुन्हा घेतलेली मॅच युनायटेडने १-० ने जिंकली. पण वेम्बलीवरची ती दुपार लोक राइटचीच मानतात.

१९९१ मध्ये आर्सेनलने २५ लाख पौंड मोजले, क्लबची तेव्हाची सगळ्यात मोठी रक्कम. लीगमधल्या पहिल्याच मॅचला तीन गोल. त्या हंगामात लीगमध्ये एकूण २९, देशात सर्वाधिक. आणि तो एक हंगाम रोकॅसल आणि राइट, एकाच वस्तीतले दोघे, एकाच संघात खेळले. रोकॅसल २००१ मध्ये कॅन्सरने गेला. जेमतेम ३३ वर्षांचा. राइट त्याचं नाव काढतो तेव्हा आजही आवाज कापतो.

ए-४०४: हे नव्हतं माहीत मला.

बी-४०३: काका, मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी दहा वर्षं स्थानिक लीग खेळलो, आता मुलांना शिकवतो. राइटची गोष्ट खरी आहे, पण त्या रविवारच्या लीगमध्ये तितकीच चांगली बरीच मुलं असतील, ज्यांना बघायला कुणी आलंच नाही. आणि आता तर इंग्लंडमधल्या क्लबांच्या अकॅडम्या नऊ वर्षांखालच्या गटापासून मुलं नोंदवतात. बावीसच्या वयात थेट येणारा फार विरळा. म्हणून ताई, मुलाला "तूही इयान राइट होशील" एवढं मात्र सांगू नका. मला ते सांगितलं होतं. जेव्हा नाही झालो, तेव्हा दोन वर्षं मैदानाकडे फिरकलो नाही.

सी-५०१: पटलं. माझंही तसं म्हणणं नाही. राइट गोल करणारा झाला नसता तरी पिग्डेन सरांनी केलेलं काम तेवढंच मोठं राहिलं असतं.

ए-३०२: हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

बी-२०४: पुढे काय झालं? सर भेटले कसे?

सी-५०१: आधी विक्रम सांगतो. आर्सेनलसाठी तोवरचे सर्वाधिक १७८ गोल क्लिफ बॅस्टिनचे, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनचे. १३ सप्टेंबर १९९७, बोल्टनविरुद्ध. राइटने आतल्या बनियनवर '१७९' छापून घेतलं होतं. १७८ वा गोल झाला, विक्रमाशी फक्त बरोबरी झाली होती, आणि ह्याने आनंदाच्या भरात शर्ट वर केला! पाचएक मिनिटांत १७९ वा आला, गोलरेषेजवळून नुसता आत ढकललेला. तो थांबला १८५ वर. २००५ मध्ये थिएरी ऑन्रीने तो आकडा मागे टाकला. इंग्लंडकडून ३३ सामने, ९ गोल. ते कमीच वाटतात मला. १९९४ च्या वर्ल्ड कपला इंग्लंड पात्रच ठरलं नाही, ९८ ला हा जखमी.

आता ती भेट. २००५ च्या सुमारास टीव्हीसाठी त्याचं चित्रीकरण चालू होतं, हायबरीवरच. रिकाम्या स्टँडमध्ये उभा होता. मागून हाक आली. वळून पाहतो तर पिग्डेन सर. राइटला कुणीतरी सांगितलं होतं की सर गेले. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण पहिली गोष्ट काय केली? डोक्यावरची टोपी काढली, शाळेतल्या पोरासारखी. तुम्ही जिवंत आहात, एवढंच म्हणाला आणि त्यांच्या गळ्यात पडून रडला. युद्ध संपल्यावर बकिंगहॅम पॅलेसवरून विमान नेण्याचा मान सरांना मिळाला होता. राइट सांगतो, त्याहून जास्त अभिमान त्यांना हा इंग्लंडकडून खेळला याचा होता. सर २०१७ मध्ये वारले.

ए-३०२: टोपी काढली. मला पुढे वाचवेना जरा वेळ.

माझा एक विद्यार्थी स्टेशनबाहेर भाजीची गाडी लावतो. मी दिसले की वजनकाटा सोडून उभा राहतो. दर वेळी सांगते, बस रे बाबा, गिऱ्हाईक खोळंबलंय. ऐकत नाही.

बी-२०४: तो वर आलाय. जेवतोय. शेजारी बसून सगळं वाचून दाखवलं. काही बोलला नाही. फक्त विचारलं, भिंतीकडे तोंड करून किती वेळ उभं करायचे?

सी-५०१: अख्खा कार्यक्रम संपेपर्यंत.

सचिव: पंपरूमची भिंत घरांना लागून आहे, आवाज आत घुमतो. कंपाउंडची मागची भिंत मोकळी आहे, तिथे रात्री नऊपर्यंत कुणाची हरकत नसावी. तिथला दिवा बंद आहे, उद्या इलेक्ट्रिशियनला सांगतो.

ए-१०३: माझी अजिबात हरकत नाही.

बी-४०३: ताई, मी त्याला खेळताना गच्चीतून पाहिलंय. वेग आहे, पण सगळं उजव्या पायाने. आणि ठोकतो, पास देत नाही. रविवारी माझ्याबरोबर मैदानावर पाठवा. फी नाही, यादी नाही. तीन महिने फक्त डावा पाय.

बी-२०४: तो विचारतोय, किती वाजता?

बी-४०३: सहा वीसला गेटवर. मी स्कूटर घेऊन थांबतो. बूट आणि पाण्याची बाटली.