मदत हवी आहे: वळवाच्या दिवसांत हिडकल जलाशयात होडी कधीपर्यंत ठेवावी?

घटप्रभा नदीवरील हिडकल जलाशयाच्या काठी माझे चुलते राहतात आणि एप्रिल-मे महिन्यांतही मासेमारीसाठी होडी घेऊन ते बरेच आत जातात. वळवाचे ढग बहुधा दुपारनंतर उभे राहतात, हे ठाऊक आहे. परंतु पाऊस पोहोचण्याआधीच ढगातून खाली कोसळणारी थंड हवा पाण्यावर पसरते, वारा एकाएकी दिशा बदलतो आणि लाटा उसळतात, याची मला विजेइतकीच भीती वाटते. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वादळ सुमारे १० किलोमीटरच्या आत असते. वल्ह्याच्या होडीला ते येऊन पोहोचण्याआधी काठ गाठता येईल असे वाटत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप त्यांच्या फोनवर घालून दिले आहे, पण आत गेल्यावर रेंज टिकत नाही. हिडकल किंवा सौंदत्तीजवळच्या रेणुकासागरात होडी चालवणाऱ्यांनी कृपया सांगावे, की ढगांच्या आणि वाऱ्याच्या कोणत्या खुणा दिसताच आपण परत फिरता आणि किती वाजेपर्यंत काठावर येता? चांगली लाइफ जॅकेट बेळगावात कोठे मिळतात, हेही कळवावे.