घरातील प्रार्थना मुलीची स्वतःची व्हावी, यासाठी मदत हवी आहे

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

आमच्या घरी रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना होते, परंतु गेल्या काही महिन्यांपासून ती नुसते पाठांतर होऊ लागली आहे, याचे मला फार वाईट वाटते. माझी 13 वर्षांची मुलगी प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणून मोकळी होते. परवा मात्र, आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर, या क्षमेच्या ओळीवर ती अडखळली, पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, रेशमी फीत बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "आई, त्या मैत्रिणीला मी अजून क्षमा केलेली नाही, मग हे म्हणू का?" मी घाईघाईने "म्हण, म्हण" असे सांगितले, आणि ते चुकलेच.

बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी वचनाविषयी बोलण्याची आज्ञा आहे. आम्ही ते सारे रात्रीच्या 15 मिनिटांत कोंबले आहे. शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या बायबल-वर्गात, तिची वचने पाठ होतात, पण असे प्रश्न तिथे निघत नाहीत.

येशूचे जीवन सांगणाऱ्या मार्ककृत शुभवर्तमानाचे 16 अध्याय रोज थोडे थोडे, तिला मध्येच थांबवून विचारू देत वाचावेत, असा माझा विचार आहे. या वयाच्या मुलांबरोबर कोणी असे वाचन केले आहे का? बायबलमधील तरुण सेवक तीमथ्य याला विश्वासाचा वारसा देणारी आजी लोईस होती. आमच्याकडे वडीलधारे कोणी नाही, तेव्हा मंडळीतील एखाद्या ज्येष्ठ भगिनीला तिच्याशी बोलत राहण्याची विनंती करणे योग्य ठरेल का? आणि क्षमेच्या त्या प्रश्नाकडे आता मी पुन्हा कशी वळू?